आवटींना नमन करायचं तर निदान बोट तरी बरोबर दाखवा

सकाळपासून एक चित्र फिरतंय. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींचा फोटो, मागे पाणबुडी आणि खाली '१९७१ च्या वीराला शतशः नमन'. पाणबुडी! अहो, ते 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान होते. पूर्व ताफ्यात, बंगालच्या उपसागरात लढले, वीरचक्र मिळालं. एवढं तपासायला कितीसा वेळ लागतो?

बरं, वीरचक्र मोठंच आहे, नमन जरूर करा. पण १९८३ ला निवृत्त झालेला हा माणूस फलटण तालुक्यात विंचुर्णीला जाऊन राहिला. समुद्र कुठे, विंचुर्णी कुठे! आणि तिथे बसून, वयाच्या ७९ व्या वर्षी, २००६ साली त्यांनी नौदलाला एक गोष्ट करायला लावली: भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या बोटीतून, केवळ शिडाच्या जोरावर, एकट्यानं पृथ्वी फिरायची. त्या वयात आपल्याकडची मंडळी सोसायटीच्या पार्किंगवरून भांडतात.

'फिरायची' म्हणजे काय, हे चित्र पाठवणाऱ्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही. निघालात तिथेच परत यायचं. सगळे रेखांश ओलांडायचे, विषुववृत्त ओलांडायचं, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. सुएझ नाही, पनामा नाही. म्हणजे ऑस्ट्रेलियाचं ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि गुड होप, तिन्ही भूशिरांना वळसा. ४० अंश दक्षिणेच्या खाली वारा अडवायला जमीनच जवळजवळ नाही, म्हणून लाटा वाढतच जातात. दोर एकाच कप्पीवर घासून तुटतो, म्हणून तो अधूनमधून थोडा सरकवावा लागतो. जनरेटरमध्ये खारं पाणी शिरलं की बॅटऱ्या बसतात, बॅटऱ्या बसल्या की स्वयंचलित सुकाणू बंद, आणि मग चाक हातात धरून बसा. झोप विसरा. एकटा माणूस एरवीही तुकड्यातुकड्यांनीच झोपतो, अलार्म लावून. वारा वाढतोय असं वाटलं की शीड त्याच क्षणी कमी करायचं. वाढल्यावर करू म्हणणारा फसतो.

हे सगळं ७९ वर्षांच्या गृहस्थाला पुरतं माहीत होतं, तरी त्यांनी माणूस मागितला! आणि मिळाला तो दिलीप दोंदे, नौदलाचा पाणबुड्या, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारा. बोट बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी: ५६ फुटी 'म्हादेई', आराखडा डच, लाकडी पट्ट्यांचं अंग आणि त्यावर फायबरग्लास. फेब्रुवारी २००९ ला ती नौदलाच्या ताब्यात आली, ऑगस्टमध्ये दोंदे मुंबईहून निघालेसुद्धा. चार बंदरं घेत मे २०१० ला परत. मग नौदलाचेच अभिलाष टॉमी, त्याच बोटीतून, कुठेही न थांबता: नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३.

पैसा नौदलाचा, जीव दोंदे-टॉमींचा, मान्य. आवटी स्वतः काही हॉर्नला गेले नाहीत. पण विंचुर्णीतून कुणी मागे लागलंच नसतं, तर ती फाइल कुठल्या कपाटात असती, सांगा ना.

लिहिता लिहिता राग उतरला खरा. कारण पुढचं आठवलं. २०१८ च्या मे महिन्यात नौदलाच्या वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वी फिरून गोव्यात परतल्या, तेव्हा आवटी हयात होते. त्याच सप्टेंबरात, एकट्यानं न थांबता पृथ्वी फिरायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमींची डोलकाठी वादळात मोडली, पाठीला जबर मार बसला, तीन दिवसांनी फ्रेंच मत्स्यगस्ती नौकेनं त्यांना बोटीतून काढलं. ४ नोव्हेंबरला आवटी गेले.

वर्तिकाच्या चमूला शिकवलं दोंदेंनी. पुढे नौदलाच्याच दिलना आणि रूपा या दोघीच 'तारिणी' घेऊन पृथ्वी फिरायला ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या, मे २०२५ ला परतल्या. त्यांना शिकवलं टॉमींनी. दांडेकरांचं नाव मात्र अजून कुणी घेत नाही. दोन्ही बोटी त्यांनीच बांधलेल्या.