आतून १० किलो सोसणारी टाकी बाहेरून किती सोसते?

आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच माणूस बसेल एवढी पाणबुडी घरी कशी बनवायची, याचा एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पाण्याच्या टँकरची १.२ मीटर व्यासाची, ६ एमएम पत्र्याची टाकी घ्या. आतून १० किलोची (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १० किलो प्रेशरची) टेस्ट पास झाली की १०० मीटर खोल बिनधास्त. जाडी दुप्पट केली की खोलीही दुप्पट. शंका वाटली तर आणखी जाड पत्रा. आणि धरणाचं पाणी गोडं, त्यामुळे प्रेशरची काळजी नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात उतरायचे बेत ठरायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"१० किलो म्हणजे १०० मीटर." हिशोबाचा हा अर्धा भाग बरोबर आहे, दर १० मीटरला साधारण १ किलो प्रेशर वाढतं. घोटाळा पुढे आहे. आतलं प्रेशर पत्र्याला ताणतं आणि टाकीला आणखी गोल करतं. बाहेरचं प्रेशर तिला दाबतं, आणि कुठे जरा चपटेपणा सापडला की तिथून आत घडी घालतं. शेतात मोटर चालवणाऱ्याला हे सांगायला नको : डिलिव्हरीला चपटा गुंडाळता येणारा लपेटा पाइप चालतो, सक्शनला लावून बघा! सक्शनच्या पाइपात कड्या काहून असतात, ते तिथेच कळतं.

आता आकडे. १.२ मीटर व्यासाची, ६ एमएमची लांब नळी, गोलाई धरून ठेवणारी एकही रिंग आत नाही, पत्रा साधा माइल्ड स्टीलचा. आतून ती २५ किलोच्या आसपास जाईपर्यंत पत्रा हार मानत नाही, म्हणून १० किलोची टेस्ट सहज पास होते. बाहेरून मात्र ती कागदावर अर्ध्या किलोच्या थोडं वर, म्हणजे साडेपाच मीटरला पिचकते. तेही अगदी गोल असेल तर. टँकरची टाकी बऱ्याचदा लंबगोल असते, मग बोलायलाच नको.

"जाडी दुप्पट, खोली दुप्पट." इथे मेसेजवाल्याने उलट स्वतःचंच कमी सांगितलंय. बिनरिंगच्या लांब नळीत जाडी दुप्पट झाली की पिचकण्याची ताकद आठपट होते. १२ एमएमला ४४ मीटर. पण हाच हिशोब उलटाही चालतो. जुन्या टाकीचा पत्रा गंजून ६ चा ५ झाला, तर चाळीसेक टक्के ताकद गेली. आणि खरी गंमत रिंगांची आहे. त्याच ६ एमएमच्या नळीत दर ३०० एमएमवर चांगली मजबूत रिंग, पूर्ण वेल्ड करून बसवली, तर घडी पडण्याची खोली कागदावर ४०० मीटरच्या पुढे जाते; त्याआधी, २५० मीटरच्या आसपास, पत्राच दबून हार मानतो. हे फुटायचे आकडे आहेत, उतरायचे नाहीत. पण पत्रा तोच आहे. म्हणून "किती एमएम?" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. किती अंतरावर रिंगा आणि नळी किती गोल, हे आधी विचारायला हवं.

गोलाईचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पत्रा गोल वाकवणाऱ्या तीन रोलरच्या मशीनवर पत्र्याची दोन्ही टोकं जवळजवळ सरळच राहतात. तीच टोकं जोडून शिवण मारली की शिवणीजवळ टोक येतं किंवा चपटा पट्टा राहतो. टोकं आधी वाकवून घ्यावी लागतात, आणि नंतर गोलाईचा टेम्प्लेट सगळीकडे फिरवून फट बघावी लागते. घणाने ठोकून "झालं गोल" म्हणणारे कारागीर ट्रॉलीसाठी ठीक आहेत.

मेसेजमध्ये टाकीच्या दोन्ही टोकांना सपाट चकत्या दाखवल्यात. ३० मीटरवर तेवढ्या चकतीवर ३४ टन भार येतो. १२ एमएमची चकती तर १३-१४ मीटरलाच कडेने कायमची वाकायला लागेल. डिश एंड, म्हणजे ताटलीसारखं बाहेर फुगीर टोक घ्या, बाप्पा.

"शंका असेल तर आणखी जाड." ३ मीटर लांबीची ही नळी ३.४ टन पाणी बाजूला सारते. ६ एमएमला नुसता नळीचा पत्रा सव्वापाचशे किलोच्या वर, २५ एमएमला सव्वादोन टन, ४० एमएमला साडेतीन टन. म्हणजे टोकं, बॅटरी, माणूस काहीच न धरता ती बुडाली, परत वर येत नाही. आणि जाडीच सगळं ठरवत असती, तर टायटॅनिकचे अवशेष बघायला जाणाऱ्या टायटन पाणबुडीच्या कार्बन फायबरच्या नळीची जाडी पाच इंच होती. जून २०२३ मध्ये ती पाच जणांसह चेंगरली. खोल समुद्रात माणसं उतरवायच्या आपल्या समुद्रयान मोहिमेतल्या मत्स्य ६००० पाणबुडीसाठी ६००० मीटरला ८० एमएम टायटॅनियम ठरवलंय, पण तो २.१ मीटरचा गोळा आहे, नळी नाही.

गोड्या पाण्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. समुद्राचं पाणी जेमतेम अडीच-तीन टक्के जड. प्रेशर खोलीवर ठरतं. पाणी खारं आहे की गोडं, धरण केवढं पसरलंय, याने फारसा फरक पडत नाही.

राहिली टेस्ट. आतून पाणी भरून केलेली टेस्ट गळती दाखवते, पिचकणं दाखवत नाही; आणि घडी पडते तेव्हा आधी चाहूल लागेलच असं नाही, क्षणात होतं. म्हणून टाकी रिकामी, आत कोणीही नाही, वजन लावून जिथवर उतरायचंय त्याच्या बरीच खाली सोडून बघायची. पाणी शिरलं तर जवळजवळ तीन टनांचा भार दोरावर येतो, तेव्हा क्रेन आधी ठरवा, दोर धरायला पोरं नाही.