‘१९२ किलोहर्ट्झचाच म्युझिक प्लेअर घ्या’ या सल्ल्याला उत्तर

म्युझिक प्लेअर घ्यायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास पुढे येतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: प्लेअर १९२ किलोहर्ट्झ (म्हणजे आवाजाची सेकंदाला १,९२,००० मापं, हाच सॅम्पल रेट) आणि २४ बिटचाच (प्रत्येक माप किती बारकाईने लिहिलंय तो आकडा) घ्या, कारण सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये लहरीला पायऱ्या पडतात. जुनी एमपीथ्री गाणी फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलमध्ये, बदलून घ्या. मिलिवॅट, म्हणजे प्लेअरची ताकद, जितके जास्त तितका आवाज सरस. आणि एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) असेल तर ब्लूटूथवरही हाय-रेझ, म्हणजे सीडीहून जास्त आकड्यांची, फाइल जशीच्या तशी ऐकू येते. या मेसेजवर विसंबून माणसं कष्टाचे पैसे घालतात आणि चुकीचा प्लेअर घेऊन बसतात, म्हणून हे लिहितोय.

पायऱ्यांचं चित्र डोळ्यांना चटकन पटतं. एकीकडे करवतीच्या दातांसारखी लहर, दुसरीकडे गुळगुळीत. पण इअरफोनपर्यंत पायऱ्या पोहोचतच नाहीत. फाइलमध्ये असतात ते ठरावीक क्षणांचे आकडे, म्हणजे नुसते बिंदू. प्लेअरमधला डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, त्यांवरून लहर पुन्हा उभी करतो. सॅम्पल रेटच्या निम्म्याखालच्या कंपनांपुरतं बोलायचं तर त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी लहर एकच असते, दुसरी काढताच येत नाही. ४४.१ चं निम्मं २२.०५ किलोहर्ट्झ. तरुण, निरोगी कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही हद्द खाली येत जाते. म्हणजे १९२ मुळे लहर जास्त गुळगुळीत होत नाही. कानाला ऐकू न येणारी कंपनं तेवढी फाइलमध्ये वाढतात.

बिटांचा हिशेब सोपा आहे. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल, म्हणून १६ बिटला ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिटला कागदावर १४४ मिळतो, पण प्लेअरच्या सर्किटचा स्वतःचा गोंगाट त्याच्या कितीतरी आधी वर येतो. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करताना २४ बिटचा खरा उपयोग असतो, कारण तिथे चुकीला जागा लागते. ऐकताना काय होतं? २००७ मध्ये मेयर आणि मोरन या संशोधकांनी हाय-रेझ आवाज थेट ऐकवला आणि तोच १६ बिट, ४४.१ मधून फिरवूनही ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. २०१६ मध्ये संशोधक जोशुआ रीस यांनी बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. फरक अगदी शून्य आहे, असं म्हणूनच मी म्हणणार नाही. पण प्लेअर निवडायचा निकष तो नव्हे.

‘मी स्वतः ऐकलाय फरक’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. मीही ऐकला होता. दोन प्लेअर शेजारी ठेवले, तर एक दर वेळी जास्त मोकळा, जास्त जिवंत वाटायचा. शेवटी दोन्हींवर १ किलोहर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजलं. एकाचं ०.५० व्होल्ट, दुसऱ्याचं ०.५६. म्हणजे जेमतेम १ डेसिबलचा फरक. इतक्या फरकाने आवाज मोठा झालाय हे चटकन लक्षात येत नाही, तो नुसता चांगला वाटतो. पातळी सारखी केली आणि कोणता चालू आहे ते न बघता ऐकलं, तेव्हा मला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही.

एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलण्याने फक्त फाइल फुगते. एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरने एकदा टाकून दिलेलं परत येत नाही. फ्लॅक मूळ सीडीवरून काढा. एलडॅकचंही गणित तिथल्या तिथे सुटतं: त्याची कमाल ९९० किलोबिट प्रतिसेकंद, सीडीचे १,४११ आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे ९,२१६. जशीच्या तशी फाइल त्यातून जाणार कशी?

मिलिवॅटच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि तेच मेसेजमध्ये उलटं झालंय. १ मिलिवॅटला १०५ डेसिबल देणारा इअरफोन घ्या. ८० डेसिबलवर ऐकायला त्याला मिलिवॅटचे तीन-हजारांश पुरतात. त्यामागे ५०० मिलिवॅटचा प्लेअर लावला तर व्हॉल्यूम दोन-तीन घरांवरच अडतो, आणि अनेकदा शांत जागी मागे बारीक ‘स्स्स’ ऐकू येत राहतो. याउलट ३०० ओहमचा (विजेला तेवढा अडथळा करणारा), १ मिलिवॅटला ९७ डेसिबल देणारा मोठा हेडफोन असेल तर ११० डेसिबलच्या क्षणिक उसळीसाठी २० मिलिवॅट, म्हणजे जवळजवळ २.५ व्होल्ट लागतात. तिथे दमदार प्लेअर हवाच. थोडक्यात, आधी हेडफोन ठरतो, मग प्लेअर.

आणि जो आकडा मेसेजमध्ये नाहीच, तो सगळ्यात जास्त ऐकू येतो: आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरच्या आउटपुटचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा. एकाहून जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स कंपनांनुसार बदलतो, समजा ८ पासून ४० ओहमपर्यंत. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल, तर या दोन टोकांमध्ये ५ डेसिबलचा असमतोल शिरतो. १ ओहम असेल तर १ डेसिबलहून कमी. १० ओहमवर खर्ज आणि तारसप्तकाचा तोलच बदलून जातो. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी, हे साधं माप धरा.

बाकी रोज त्रास देतात त्या गोष्टी वेगळ्याच. विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो आणि तंबोरा क्षणभर तुटतो, तो एक तुटका क्षण मला कुठल्याही बिटांपेक्षा जास्त खुपतो. म्हणून घ्यायच्या आधी अखंड चालणाऱ्या रेकॉर्डिंगचे दोन सलग ट्रॅक लावून बघा. रिकाम्या, शांत फाइलवर तुमचाच इअरफोन लावून ‘स्स्स’ येतो का ते ऐका. मेमरी कार्डावर हजारो गाणी असताना यादी किती वेळात उघडते ते पाहा, बॅटरी बदलून मिळते का ते विचारा. आणि प्लेअर खिशात ठेवून, न बघता, बोटांनी पुढचं गाणं लागतंय का ते करून बघा.