बीए सोड भावा, प्रॅक्टिकल हो

भावा, इतिहास घेऊन बीए करायलास म्हणं. घरच्यांनी तुझं काय वाकडं केलंय? लग्नाच्या पंगतीत मामा विचारतेत, "पोरगं काय करायलंय सध्या?" आणि तुझ्या वडलांना पत्रावळीकडं बघत "शिकायलंय" एवढंच म्हणावं लागतंय. सोड ते, प्रॅक्टिकल लाईन धर.

प्रॅक्टिकल म्हणजे आपल्याकडं काय, तर संभाजीनगरला नाहीतर नांदेडला रूम करून स्पर्धा परीक्षा. (आयटीआय करून वाळूजला फिटर पण होता येतं, पण ते जरा जास्तच प्रॅक्टिकल झालं, त्याला घरचे नाही म्हणतेत.) अभ्यासिकेत कूलरजवळचा कप्पा धर, पण थेट झोतात नको, पानं उडतेत. समोरच्या प्लायवर आधीच्या पोरानं 'भावी तहसीलदार' लिहून ठेवलेलं असंल, ते खोडू नको, तुलाबी चालतंय.

मग अभ्यास. कॉलेजात सातवाहन सुरू झाले की तू मागच्या बाकावर झोपायचास, कारण पैठणच्या राजांचा पोटापाण्याशी काय संबंध. आता क्लासची फी भरून तेच सातवाहन, फक्त चार पर्यायांत. मुक्तिसंग्राम आला की निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ सगळं लिहून लिहून हात दुखायचा, आता नुसता 17 सप्टेंबर 1948 समोरचा गोल काळा करायचा, कितीतरी टाईम वाचला.

पोलीस भरती तर त्याहून प्रॅक्टिकल. पहाटं उठून 1600 मीटर पळ, सव्वासात किलोचा गोळा फेक, आणि एवढा घाम गाळून लेखीला पात्र झालास की पेपरात विचारतेत काय, तर समास ओळखा.

हां, एक राहिलंच. राज्यसेवेला पदवी लागती. म्हणजे आधी कॉलेजातलं बीए सोडायचं आणि मग मुक्त विद्यापीठातून बीए करायचं, सोप्पंय. आणि आता 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयात इतिहासबी आहे आन् मराठी साहित्यबी. पानंच्या पानं लिहायचेत परत. बीएच्या वह्या रद्दीत घातल्या असतील तर टेन्शन घेऊ नको, क्लासवाल्या सरांकडं नोट्सचा सेट आहे, त्याची फी तेवढी वेगळी.