सातवी पायरी

आज सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली उतरले तर ओढ्याच्या काठाला डंपर उभा. मागचा फाळका उघडलेला आणि विटा, टाइल्सचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक फुटकं कमोड, सगळं धडाधड पुण्यातल्या आमच्या आंबील ओढ्यात. मी ओरडले. गाडीवरचा मुलगा विशीचासुद्धा नसेल. म्हणाला, "काकू, मला मालकानं इथंच टाकायला सांगितलंय." पाच मिनिटांत गाडी मोकळी करून गेला.

मग फोनाफोनी सुरू केली. राडारोड्याचं खातं वेगळं, पावसाळी गटारांचं वेगळं, ओढ्याच्या भिंतीचं तिसरंच. चाळीस मिनिटं मी या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी एक साहेब म्हणाले, "मॅडम, तो नाला नक्की कुठल्या प्रभागात येतो ते बघून सांगा."

नाला! तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलेय.

अहो, नाला नाही तो. ओढा आहे. कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. नानासाहेब पेशव्यांनी याच्यावर कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पूर्वी हा ओढा गावातून वाहायचा, तो पर्वतीकडून वळवला तोही त्यांच्याच काळात. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी या शहराचा कारभार बघणाऱ्यांना एवढं कळत होतं की पाणी वळवायचं असेल तर त्याला दुसरी वाट करून द्यावी लागते. आपण काय केलं? कुठे स्लॅब टाकला, कुठे पार्किंग काढलं, कुठे सोसायटीची भिंत दोन हात पुढे सरकवली. आणि उरलेल्या पट्टीला नाला म्हणायला लागलो. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला मन धजावतं.

25 सप्टेंबर 2019 ची पुराची रात्र हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना आठवत असेल. आम्ही अरण्येश्वरला, पहिल्या मजल्यावर. नऊच्या सुमाराला लाइट गेले. ओढ्याचा आवाज एरवी आमच्या घरात येत नाही, त्या रात्री बोललेलं ऐकू येत नव्हतं. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. आणि बाबा जिन्यात टॉर्च घेऊन बसले. एकेक पायरी बुडाली की वर हाक द्यायचे. "चौथी गेली." थोड्या वेळानं, "पाचवी गेली." सहावी गेली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, नुसता टॉर्च खाली धरला. सातवीवर पाणी थांबलं. खाली गाड्या एकमेकींवर आपटत वाहत होत्या. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, टांगेवाले कॉलनीत, भिंत कोसळून माणसं गेली. शहर-जिल्हा मिळून वीसहून जास्त.

दुसऱ्या दिवशी बाबांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि सातव्या पायरीशी भिंतीवर आडवी रेघ ओढली. खाली तारीख घातली.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचं घर ओढ्यालाच लागून होतं. भांडी, कपडे, मुलाची पुस्तकं, सगळं गेलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या दारात! स्वतःची ढकलगाडी वाहून गेली होती, दुसरीची मागून आणली होती. म्हणाल्या, "ताई, ओला वेगळा ठेवलाय ना?" मला रडू आवरेना.

पर्यावरण पर्यावरण म्हणतो ते या शहरात कोण सांभाळतं, ते मला त्या सकाळी दिसलं. 2008 साली महापालिकेनं कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेशी करार केला, हे महापालिकेनं केलेलं मोठं काम आहे आणि मी ते दहा वेळा म्हणेन. पण आजही दर वेळी कराराची मुदत संपत आली की या बायकांना आपलं काम राहील की नाही या धास्तीत दिवस काढावे लागतात. का? ज्यांच्या जिवावर कचरा वेगळा होतो त्यांनाच टांगणीला का लावायचं?

आणि तेच शहर मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा नदीकाठ सुशोभित करायला निघालंय. नदीत पाणी येतं कुठून? ओढ्यांतून ना? ओढ्यात राडारोडा आणि नदीला घाट! 2025-26 चं अंदाजपत्रक 12 हजार कोटींच्या पुढचं. दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल निघतो. 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ दाद मागायला निवडून दिलेला माणूससुद्धा नव्हता. त्याच काळात, 25 जुलै 2024 ला, सिंहगड रस्त्याला एकतानगरीतली माणसं झोपेतून उठली ती घरात शिरलेल्या पाण्यात. वरून पाऊस, खडकवासला धरणातून विसर्ग, आणि वेळेवर कोणी सांगितलं नाही म्हणून लोक रडत होते. 1961 साली पानशेत धरण फुटलेलं बघितलेल्या शहरात पाणी येतंय हे सांगणारी हाक पोचत नाही. बाबा एक टॉर्च घेऊन सगळ्या बिल्डिंगला सांगत होते!

बरं, 2019 नंतर ठिकठिकाणी संरक्षक भिंती बांधल्या. पावसाळ्याआधी गाळही काढतात, मी बघितलंय. मान्य. पण 2021 च्या जूनमध्ये, ऐन कोरोनात, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला बुलडोझर आले तेही याच ओढ्याच्या नावानं. कोर्टानं स्थगिती दिली तेव्हा थांबले. गरिबाचं पत्र्याचं घर ओढ्यात येतं ते लगेच दिसतं. बंगल्याचं कंपाउंड ओढ्यात येतं ते कुणाच्या नकाशात दिसत नाही.

हे टाइप करता करता मध्येच उठून जिन्यात जाऊन आले. मन शांत व्हावं म्हणून. बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. रेघ आहे अजून, रंगाचे पोपडे निघालेत.

आणि जिन्यातच एक गोष्ट लक्षात आली, ती लिहिली नाही तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅटचं काम चालू आहे. टाइल्स उखडल्यात, बाथरूम फोडलंय. तो राडारोडा कुठे जातो, हे आमच्यापैकी एकानंही कॉन्ट्रॅक्टरला विचारलेलं नाही. मीही नाही. "पैसे घ्या, तेवढं घेऊन जा," एवढंच म्हणतो आपण. सकाळचं ते कमोड कुणाच्या घरातलं होतं, कोण जाणे. आजच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे काढणार आहे, कुणाला राग आला तरी.

महापालिकेकडून मला फार काही नकोय. ओढ्याच्या प्रत्येक पुलाशी एक पाटी लावा. त्यावर ओढ्याचं नाव, एका जबाबदार अभियंत्याचं नाव आणि फोन, आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ. एकच माणूस, एकच फोन. गाळ, राडारोडा, भिंत, सगळ्याचं उत्तर त्यानं द्यायचं. चाळीस मिनिटं फिरवायचं नाही. आणि ओढ्याचं काहीही ठरवताना काठावरच्या वस्तीला आधी बोलवायचं. पाणी कुठून कसं चढतं ते त्यांना पाठ आहे.

डंपरचा नंबर मी लिहून घेतलाय, तक्रार लेखी देतेय. उद्या मावशी साडेआठला येतील. त्यांनाही विचारलं, त्या बरोबर यायला तयार आहेत. ओढ्याकाठी राहणाऱ्या कुणाला सही करायची असेल तर त्याच वेळी आमच्या जिन्याशी या. लाल रंगाचा नवा डबा आणून ठेवलाय, आधी ती रेघ नीट करून घेऊ, मग निघू.