सर, आमचं उत्तर येत नाहीये!

भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हे वाक्य दर पाच मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या टेबलावरून येतं. एकीकडे चाळीस मुलं, दुसरीकडे विद्युतधारा मोजणारे, धड चालणारे सहा ॲमीटर, आणि मधे मी. तासाच्या शेवटी प्रत्येकाला पुस्तकातलं उत्तर हवं असतं. माझं मत मात्र असं की प्रयोगाचं उत्तर कधी चुकत नाही. मुलांनी टेबलावर जे काही करून ठेवलेलं असतं, त्याचं ते अगदी बरोबर उत्तर असतं. वैद्याने नाडी धरावी तसा आकडा धरायचा आणि खोड सांगायची, एवढंच माझं काम.

साधा दोलक घ्या. साहित्य म्हणजे स्टँड, मधोमध चिरलेलं बूच, दोरा, धातूचा गोळा आणि स्टॉपवॉच. लांबी 100 सेंटिमीटर ठेवली की एका आंदोलनाला साधारण 2 सेकंद आणि वीस आंदोलनांना 40. यात चुकायला जागाच दिसत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच जागा काढतात. गोळा सोडता सोडता स्टॉपवॉच दाबायचं आणि त्याच दमात म्हणायचं, "एक!" गोळा अजून निघालाही नाही आणि एक आंदोलन खात्यावर जमा. "वीस" म्हणून घड्याळ थांबतं तेव्हा झालेली असतात एकोणीस. दोलनकाल 5 टक्क्यांनी कमी येतो, सूत्रात त्याचा वर्ग छेदात बसलेला असतो, आणि g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, येतो 10.86. वहीत पावणेअकराच्या पुढचा g दिसला की मी कागद पूर्ण न वाचताच सांगतो, "शून्यापासून मोज." भारताने जगाला शून्य दिलं असं निबंधात ठणकावून लिहिणारी हीच मुलं, गोळा हलला की शून्य साफ विसरतात.

g 9.65 आला तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकापर्यंत मोजलेली असते. दीड सेंटिमीटर राहिला की g दीड टक्क्याने खाली. साडेआठ-नऊच्या दरम्यान आला तर कोणीतरी गोळा हौसेने साठ अंशांपर्यंत ओढून सोडलाय हे नक्की. झोका तिथवर गेला की दोलनकाल 7 टक्क्यांनी वाढतो. पाच-सात अंश पुरतात, पण तेवढ्यात मुलांना मजा येत नाही. घड्याळही टोकाला चालू करायचं नाही. तिथे गोळा रेंगाळतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही. मागे भिंतीवर खडूची उभी रेघ मारायची आणि गोळा रेघेवरून सुसाट जाताना बटण दाबायचं. शिवाय गोळा सोडायचा, ढकलायचा नाही. ढकलला की तो स्टँडभोवती प्रदक्षिणा घालू लागतो.

आणि एखाद्याचा g बरोब्बर 9.81 येतो. इथे मला खरा संशय येतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर g आहे 9.78 ते 9.79 च्या घरात. 9.81 साठी थेट युरोपात जावं लागतं. आमच्या दोऱ्या-गोळ्याला इतका बारीक फरक कळत नाही हे मान्य, पण तीनही लांब्यांना 9.81 आला म्हणजे गोळा हललाच नाही, नुसतं पेन हललं.

ओहमच्या नियमाचं दुखणं वेगळं. तिथे मुलं नियमाशी नाही, तारांशी झगडतात. तारेवरचं सुती वेष्टण सोललं की काम झालं असं त्यांना वाटतं. टोकं काळी पडलेली असतात, ती पॉलिश पेपरने तांब्याचा रंग दिसेपर्यंत घासायची असतात. घासली नाहीत की "सर, काटा हलत नाही." मग सुरू होतं टेबल आपटणं. उपाय सोपा आहे. की (परिपथाची प्लग-चावी) बंद करून, म्हणजे परिपथ पुरा करून, व्होल्टमीटरची दोन टोकं एकेका जोडावर टेकवत जायची. ज्या जोडावर सेलचे पूर्ण 3 व्होल्ट दिसतील तिथे तार तुटलेली किंवा मळलेली. टेबल आपटून यातलं काहीच दिसत नाही, शेजारच्या टेबलावरचा दोलक मात्र डगमगतो.

काटे वाचता आले की अर्धी चौकशी उभ्या उभ्या होते. व्होल्टमीटर ठाम 3 वर, ॲमीटर शून्यावर आणि रिओस्टॅट (सरकपट्टीने रोध कमी-जास्त करायचं साधन) कुठेही सरकवला तरी दोघं ढिम्म: व्होल्टमीटर चुकून एकसरीत लावलाय. त्याचा रोध हजारो ओहम, त्यातून विद्युतधारा जाणार ती किती! दोन्ही मीटर काहीतरी दाखवतात, पण रिओस्टॅट सरकवून बदलत नाहीत: त्याच्या खालच्या दोन्ही स्क्रूंना तारा जोडल्यात. एक तार खाली आणि एक वर दांडीला, हे मी दर वर्षी फळ्यावर काढतो आणि दर वर्षी कोणीतरी घामाघूम होऊन सरकपट्टी मागे-पुढे करत बसतं. काटा शून्याच्या डावीकडे दबला असेल तर धन-ऋण उलटं झालंय. आणि ॲमीटरचा काटा एका झटक्यात उजव्या टोकाला आपटला तर तो समांतर लावलाय. तेव्हा निदान करत बसू नका, आधी की उपटा. नाहीतर सहापैकी पाच उरतील.

रीडिंग लिहिताना की काढून ठेवायची हेही सांगून दमलो. वहीत रेघा आखून, शेजाऱ्याशी पेन्सिलीवरून भांडून होईपर्यंत धारा वाहतच असते. रोधाची तार तापते, सेल खचतात, आणि मग आलेखावरचे बिंदू एका रेषेत न आल्याचा दोष ओहमवर जातो.

काचेच्या चिपेचा प्रयोग त्यामानाने शांत. ड्रॉइंग बोर्ड, कागद, चीप आणि चार टाचण्या. त्यातली एक हमखास कोणाच्या तरी बोटात. टाचण्यांची डोकी नव्हे, पाय एका रेषेत दिसले पाहिजेत, कारण टाचणी सरळ उभी असेलच याची खात्री टाचणीलाही नसते. दोन टाचण्यांत पाच सेंटिमीटर तरी अंतर हवं. मुलं त्या इतक्या जवळ टोचतात की त्यांतून हव्या त्या दिशेला रेघ काढता येते. चीप कडेने आखून घेतल्यावर तिला हात लावायचा नाही. पण एक डोळा मिटून खाली वाकलेल्या मुलाचं कोपर कुठे असतं, हे त्याला दिसत नाही.

सगळं नीट जमलं तर आपाती कोन 30 अंशांना अपवर्ती कोन येतो साडेएकोणीस, 45 ला 28, 60 ला 35 आणि थोडं. अपवर्तनांक, म्हणजे दोन्ही कोनांच्या साइनचं गुणोत्तर, दीड. मात्र अधूनमधून एखादी मुलगी अभिमानाने 0.92 घेऊन येते. पट्टीसारख्या सरळ रेघा, स्वच्छ वही, कुठे खाडाखोड नाही. कोन तेवढे स्तंभिकेपासून, म्हणजे कडेला काटकोनात काढलेल्या रेघेपासून, मोजायचे ते काचेच्या कडेपासून मोजलेले असतात. 30 चे 60 झाले, साडेएकोणीसचे साडेसत्तर, आणि गुणोत्तर एकाच्या खाली. तिच्या वहीनुसार काचेतला प्रकाश निर्वातातल्या प्रकाशापेक्षा जलद पळतो. असा शोध लागला तर तो आमच्या शाळेत, तीन नंबरच्या टेबलावर लागेल.

बहिर्गोल भिंगाबद्दल एवढंच: खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा पडद्यावर घ्यायची आणि अंतर मोजायचं. सूर्याची कधीच नाही. जून-जुलैत हा प्रयोग ठेवू नये, झाडही करडं आणि आकाशही करडं.

खरी परीक्षा पाहते ती विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. 100 ग्रॅम लोखंडाचा गोळा उकळत्या पाण्यातून काढून कॅलरीमापीतल्या 100 ग्रॅम पाण्यात सोडायचा. पाणी 27 अंशांवर असेल तर वाढ होते जेमतेम पावणेसात अंशांची. एक-एक अंशाच्या खुणांचा तापमापी घेतला आणि एका खुणेने चुकलात की उत्तर पंधरा टक्के सरकलं. म्हणून अर्ध्या अंशाच्या खुणांचा, 50 पर्यंतचा तापमापी कॅलरीमापीसाठी राखून ठेवावा. उकळत्या पाण्यात तो बुडवणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो, त्याला आधीच हेरून ढवळणी द्यावी.

इथे माझी नाडीपरीक्षा संपते. गोळ्याला चिकटून एक ग्रॅम गरम पाणी आलं की उत्तर 0.01 ने वाढतं: लोखंडाच्या 0.11 कॅलरीचं 0.12. पुण्यात पाणी 98 अंशांना उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास, पण मुलं तापमापी न बघता 100 लिहितात, त्याने उत्तर कमी होतं. स्टोव्हपासून टेबलापर्यंत गोळा मिरवणुकीने आणला की वाटेत निवतो, आणखी कमी होतं. गोळा ओला, 100 न बघता लिहिलेले आणि वाटेत गप्पा मारलेल्या, हे तिन्ही एकाच मुलाने मनापासून केलं तर उत्तर येतं 0.110. तक्त्यातलं, तिसऱ्या दशांशापर्यंत.

बहिस्थ परीक्षक वही बघतात, मान डोलवतात आणि विचारतात, "त्रुटी कुठे राहिली असेल?" मुलगा म्हणतो, "नाही राहिली सर." पैकीच्या पैकी. शेजारी गोळा टिपून, तापमापी बघून 98 लिहिणाऱ्या मुलीचं उत्तर 0.105 आलेलं असतं, आणि ती खोडरबर शोधत असते.