सलग एकतीस रविवार

आमच्या सिंहगड ग्रुपवर एक तक्ता फिरतो. आडवे बावन्न रविवार, उभी सव्वीस नावं. गड चढलात की हिरवी खूण, दांडी मारलीत की लाल फुली. जानेवारीत तो सुरू झाला तेव्हा मला फार आवडला होता. माझ्यासारख्या आळशी माणसाला पहाटे पाचला अंथरुणातून ओढून काढायला लाजेसारखं दुसरं औषध नाही. ऑगस्ट उजाडेपर्यंत माझ्या नावापुढे सलग एकतीस हिरव्या खुणा होत्या.

बत्तिसाव्या आठवड्यात गुरुवारी ताप आला. व्हायरल. शनिवारी रात्रीही थोडा होता. "नव्व्याण्णव म्हणजे काय ताप असतो का?" असं बायकोलाच ऐकवून मी गोळी घेतली आणि गजर लावला.

आतकरवाडीतून वर जायला मला एरवी पन्नास-पंचावन्न मिनिटं लागतात. त्या दिवशी निम्म्या वाटेतच छाती धडधडायला लागली आणि पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या दोन-दोन सॅक दिसायला लागल्या. ताक विकणाऱ्या एका मावशींशेजारी दगडावर बसलो. बसलो कसला, पडलोच. मावशींना त्याचं काही विशेष वाटलं नाही. ग्लासात मीठ जरा जास्त टाकून ताक पुढे केलं आणि म्हणाल्या, "रविवारचे एक-दोघं असत्यातच तुमच्यासारखे. बसा गुमान."

आता लाज वाटते, पण सांगतो. दगडावर बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? निम्मा गड झालाय, तर हिरवी खूण मिळेल का?

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सुदैवाने काही निघालं नाही. पण व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, आणि तेव्हा जोराचा व्यायाम केला तर ठोके बिघडून माणूस जागेवर कोसळू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. नाक गळत असेल तर हळू चाला, पण अंगात ताप असेल किंवा दुखणं छातीत उतरलं असेल तर व्यायाम बंद. एवढं साधं गणित मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

गंमत म्हणजे हे गणित माझ्या घरातच होतं. आम्ही कोल्हापूरचे. वडील तरुणपणी तालमीत होते. ते सांगायचे, पहाटे पोरं मातीत उतरली की वस्ताद आधी नुसते बघत उभे राहायचे. कुणाचे डोळे ओढलेले दिसले, कुणाचा जोर मारताना श्वास अडकला, की हाक यायची, "तू आज माती घेऊ नको. जा घरला, झोप." आणि पोरगं मुकाट जायचं. आमच्या ग्रुपमध्ये असा वस्ताद नाही. मनगटावर घड्याळ आहे, पण ते रात्री साडेदहाला थरथरून "आजची पावलं अपुरी" एवढंच सांगतं. तुझे डोळे ओढलेत, हे त्याला कुठून दिसणार?

अर्थात तालमीचं सगळंच सोनं नव्हतं. कुस्ती सुटली, नोकरी लागली, पण वडिलांचा खुराक पैलवानाचाच राहिला. दूध, तूप, मटण. मेहनत मात्र शून्य. पंचेचाळिशीत साखर, अठ्ठावन्नाव्या वर्षी बायपास. म्हणून जिममध्ये कुणी कोसळल्याचा व्हिडिओ आला की "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणत सोफ्यावर आणखी रेलून बसणाऱ्यांच्या बाजूचा मी मुळीच नाही. त्या बाजूला काय होतं ते मी घरात बघितलंय.

माझं भांडण आहे ते "सलग" या शब्दाशी. त्या दहा हजार पावलांचंच घ्या. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ रात्री साडेअकराला हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारतात, कारण आकडा भरायचा असतो. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. नाव लक्षात राहण्यासारखं होतं आणि ते जगाच्या डोक्यात बसलं. पुढे २०१९मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा फारसा वाढत नव्हता. त्या स्त्रियांचं सरासरी वय बहात्तर होतं, तेव्हा तिशीतल्या पोरांनी लगेच खूश होऊ नये. पण साडेअकराला सोफ्याभोवती फिरायची गरज नाही, एवढं तरी नक्की. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेबही रोजचा नाही, आठवड्याचा आहे. मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोराचा ७५ ते १५०, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. म्हणजे झोपायला जागा आहे.

घड्याळावरून आठवलं. आमच्यातल्या एका काकांना बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. ही गोळी हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. काकांना वाटायचं, पल्स एकशे दहाच्या वर जात नाही म्हणजे आपण कमी पडतोय, आणि ते आणखी ताणायचे! त्यांना आता मी एकच सांगतो, चढताना बोलत राहा. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. छाती, जबडा किंवा डावा हात भरून आला, गार घाम फुटला, तर "ॲसिडिटी असेल" म्हणत बसायचं नाही, थांबून थेट मदत मागायची.

तरुणांचं वेगळंच. माझ्या भाच्याने महिनोन्‌महिने काही केलं नव्हतं आणि मित्रांशी पैज लावून एका संध्याकाळी चारशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, ते सगळ्यांनाच होतं. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं खराब करू शकतं. तीन दिवस सलाइनवर होता. तो वेळेत बोलला म्हणून बरं. नाहीतर "पहिल्यांदा होतं असं" म्हणणारे ट्रेनर कमी नाहीत.

आणि एक विनंती, खास करून बायकांच्या ग्रुपांना, पण पुरुषांनाही. पुरणपोळी खाल्ली की "आता उद्या डबल गड" असं म्हणणं सोडा. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. आम्ही जेवणाच्या ताटावर बसून शिक्षेची भाषा बोलतो आणि ती ऐकत असते. मागच्या दिवाळीत तिने एका करंजीसाठी किती मिनिटं दोरीवरच्या उड्या माराव्या लागतील हे मला विचारलं. मला हसू आलं नाही.

वडील आता एकोणऐंशीचे आहेत. रोज सकाळी रंकाळ्यावर जातात. पूर्ण फेरी मारत नाहीत. थोडं चालतात, कठड्यावर टेकतात, ओळखीचं कुणी भेटलं की दोन गोष्टी करतात, परत येतात. पाऊस असेल तर जात नाहीत. त्यांना कुणी विचारलं की किती चाललात, तर म्हणतात, "गेलतो."

तर ग्रुपच्या ॲडमिनना जाहीर निरोप. या रविवारी मी येत नाहीये. तब्येत उत्तम आहे, फोन करू नका. आठवडाभर ऑफिसमुळे झोप झालेली नाही, ती काढणार आहे. तक्त्यात फुली मारून टाका.