"हातात एवढे द्या, वरचं तुझं": घर विकणाऱ्यांनो, तो मेसेज पाळू नका

महिनाभर झाला, आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, तुमच्याकडं पण आला असंल. वर लिहिलंय "घर विकताय? दलालाच्या नादात लाखो घालवू नका" आणि खाली सल्ले. सगळ्यात कमी टक्का घेणारा एजंट धरा. नाहीतर टक्काच देऊ नका, तुम्हाला हातात किती पाहिजेत ते सांगा आणि वरचं त्याला ठेवू द्या. जो सगळ्यात जास्त भाव सांगतो त्यालाच काम द्या. जमतील तेवढ्या एजंटांना चावी द्या. लेखी काय करू नका, अडकाल. आणि तळाला, रेरा (घर-बांधकाम व्यवहारांचा सरकारी कायदा) नंबर असला की बास.

आत्याचा कोल्हापुरातल्या नागाळा पार्कातला फ्लॅट विकायचं सगळं मीच बघितलंय, आठ महिने गेले त्यात, आणि यातले बरेच सल्ले आम्ही आधी पाळून बसलो होतो म्हणून लिहितोय.

कमी टक्क्याचं बघा. आम्ही चौघांना विचारलं, एकापासून दोन टक्क्यांपर्यंत आकडे आले. हा दर कुठल्या कायद्यानं ठरवलेला नाही त्यामुळं घासाघीस करायला काय हरकत नाही, पण नुसत्या टक्क्यावरनं काही कळत नाही. ६० लाखावर एक टक्का म्हणजे ६० हजार, दोन म्हणजे १ लाख २० हजार, फरक ६० हजाराचा. आता शेवटच्या बैठकीत घेणाऱ्यानं दोन लाख तोडले तर तुमचे दोन लाख गेले आणि एक टक्केवाल्या एजंटचे फक्त दोन हजार. तो तुमच्या दोन लाखासाठी अजून महिनाभर कशाला थांबंल? माणूस वाईट असतो असं नाही, त्याचा हिशोबच तसा असतो. म्हणून आम्ही शेवटी ज्याला काम दिलं त्याच्याशी असं ठरवलं की ५८ लाखापर्यंत एक टक्का आणि ५८ च्या वर जे मिळंल त्यातलं दहा टक्के त्याचं. जीएसटी धरून का वेगळा हे पण आधीच विचारा, त्याची नोंदणी असंल तर १८ टक्के वर लागतात, १ लाख २० हजारावर २१,६०० होतात, आणि नोंदणी नसंल तर त्यानं जीएसटी मागायचाच नाही. अजून एक, घेणाऱ्याकडनं पण दलाली घेणार काय? घेणार असंल तर घेऊ दे, आपल्याकडं चालतंच, पण तुम्हाला आधी माहीत पाहिजे, कारण मग बैठकीत नुसता तुमच्या बाजूनं भाव ओढणारा कोणी नसतो.

आता ते "वरचं तुझं". दलाली शून्य दिसते म्हणून लोकांना हे लय आवडतंय आणि माझ्या मते सगळ्यात घातक हेच आहे. आत्याला एकानं हेच सांगितलं, "काकू, तुम्हाला ५५ लाख हातात देतो, दलाली एक रुपया नको." आत्या खूश. पण घेणारी पार्टी त्यानं आमच्यासमोर कधी एकटी येऊच दिली नाही, फोन नंबर पण नाही. मग एक दिवस लिफ्टमध्ये त्याला फोन आला म्हणून तो बाहेर राहिला, आणि घेणाऱ्या बाई आत्याला सहज म्हणाल्या, "एकसष्ट जरा जास्तच होतंय हो आम्हाला." आत्या माझ्याकडं बघायला लागली. दोन टक्के वाचवायला गेलो आणि दहाच्या घरात चालले होते! आणि पैशापेक्षा मोठी भानगड दस्ताची आहे. दस्तात ६१ घातले तर हातात ५५ घेऊन आत्यानं टॅक्स ६१ च्या हिशोबानं भरायचा, एजंट काय सहा लाखाची पावती देणार नाही. ५५ घातले तर सहा लाख कागदाबाहेर रोखीत फिरणार, आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख स्वीकारायला कायद्यानं बंदी आहे, दंड तेवढ्याच रकमेचा. सही आत्याची, मग नोटीस पण आत्यालाच. ह्याउलट रीतसर दलाली चेकनं दिली आणि पावती ठेवली तर ती विक्रीचा खर्च म्हणून कॅपिटल गेनमधनं (विक्रीतला नफा, ज्यावर टॅक्स लागतो) वजा होते, हे कुठलाच मेसेज सांगत नाही.

जास्त भाव सांगणाऱ्याचं पण असंच. एकजण हॉलमध्ये उभा राहून ६८ म्हणाला, बाकी सगळे ५८ ते ६२ म्हणत होते. आम्ही त्याला तीन महिने दिले, बघायला माणसं आली चार, आणि नंतर तोच "मार्केट पडलंय, ५७ करा" म्हणायला लागला. भाव कितीही सांगता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. त्यापेक्षा त्याला विचारा की ह्या भागात दोन वर्षात झालेले तीन दस्त दाखव. नोंदणी विभागाच्या आयजीआर साइटवर फुकट शोधता येतंय, इंडेक्स टू मध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) दस्ताची रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतंय. रेडी रेकनर (सरकारनं भागवार ठरवलेला दर) म्हणजे बाजारभाव नव्हे एवढं लक्षात ठेवा, तो स्टॅम्प ड्युटीसाठी असतोय.

खरा एजंट कोण ते मला पार्किंगमध्ये कळलं. आमच्या पार्किंगच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे, साधारण छातीएवढी, मातकट. ६८ वाला म्हणाला, "पहिला ह्याच्यावर रंग मारून घ्या." दुसरा खाली बसून बघत राहिला, बोट लावलं, मग म्हणाला, "राहू दे ही. फोटो काढतो. कोल्हापुरात घेणारा पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतोय, ह्याच्यावरनं त्याला दिसंल की पाणी पार्किंगला आलं, पहिल्या मजल्याला नाही." मग त्यानं घरफाळ्याची पावती, प्रॉपर्टी कार्ड, अपार्टमेंटचं घोषणापत्र, कंप्लिशन सर्टिफिकेट मागितलं, का तर घेणाऱ्याचं लोन तिथंच अडकतंय. काम ह्यालाच दिलं.

चावी सगळ्यांना देण्याबद्दल थोडंच. आमचा एकच फ्लॅट नेटवर तीन भावांनी दिसत होता, ५८, ६२, ६५. बघणारा ५८ वाल्याला फोन करणार आणि वर म्हणणार, एवढे एजंट लावलेत म्हणजे काहीतरी लोचा आहे. शिवाय एकच गिऱ्हाईक दोघांनी आणलं की दोघं दलाली मागणार. एकालाच द्या, पण तीन महिन्याच्या बोलीवर.

आणि लेखी नको म्हणणं तर कहरच. आमच्या ओळखीतल्या एकांनी विसार आला त्याच दिवशी सगळी दलाली तोंडी बोलीवर देऊन टाकली, पुढं घेणाऱ्याचं लोन नामंजूर झालं, व्यवहार मोडला, एजंट म्हणाला, "माझं काम पार्टी आणायचं होतं, आणली." लेखी नसल्यामुळंच ते अडकले. एका पानात भागतंय: टक्का किती, कशावर, कधी द्यायचा (आम्ही विसाराला पाव आणि खरेदीखताला बाकी असं केलं), व्यवहार मोडला तर काय, मुदत किती, आणि त्यानं कुणाकुणाला घर दाखवलं त्यांची तारीखवार यादी.

रेरा नंबर जरूर बघा, एजंटचा नंबर ए नं सुरू होतोय, महारेराच्या साइटवर तपासता येतोय. महारेरानं २०२३ मध्ये एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केली ते चांगलंच झालं. पण कायद्यात ती नोंदणी रेरात नोंदवलेल्या प्रोजेक्टमधली घरं विकण्यासाठी लागते, आत्याच्या फ्लॅटसारखी जुनी रीसेल त्यात येतच नाही. त्यामुळं नंबर दिसला म्हणून वरचे प्रश्न विचारायचे थांबू नका.

आम्ही केलेलं ते एक पान माझ्याकडं आहे, नावं काढून टाइप करून ठेवलंय. ज्याला पाहिजे त्यानं सांगा, पाठवतो.